पोटावरची चरबी आणि मांडीचे स्नायू: इन्सुलिनचं नेमकं कुठे अडतं?

रेवा नाशिककर

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांच्या रक्ततपासण्या झाल्या. वय ४४, उंची पाच फूट सात इंच, वजन ७४ किलो. त्याला पाहून कुणी लठ्ठ म्हणणार नाही, पण पोट सुटलंय आणि कंबर ९८ सेंटिमीटर भरते. उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ६.१, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड्स २४०. ते बघून आमच्या डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या करून घेतल्या. उपाशीपोटी इन्सुलिन १९ आलं आणि शरीरातला दाह दाखवणारं एचएस-सीआरपी ४.२.

डॉक्टर म्हणाले, "शरीरात बारीक दाह चालू आहे, तो पोटाच्या चरबीतून येतोय आणि त्यामुळे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत." बाहेर पेशंटची रांग होती, म्हणून जास्त विचारता आलं नाही.

दाह म्हटलं की मला गळू आठवतं, सुजलेला घोटा आठवतो. ह्याचं तर कुठेच काही दुखत नाही. चरबी पोटावर, स्नायू मांडीत, मग एकाने दुसऱ्याचं बिघडवायचं कसं? आणि "वजन उतरवा" यापलीकडे काही करण्यासारखं असतं का? सासऱ्यांना मधुमेहामुळे डोळ्यांना लेसर करून घ्यावं लागलं, ते सगळं घरात जवळून पाहिलंय. त्यामुळे आत्ताच नीट समजून घ्यायचं आहे.

मधुरा७

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे आईचे रिपोर्ट अगदी याच वळणाचे आहेत.

शरीरक्रिया

रेवाताई, फार नेमका प्रश्न विचारलात. मी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात स्नायूंपासून करू. इन्सुलिन रक्तात वाढलं की पेशी जे ग्लुकोज उचलतात, त्यातला साधारण ८० टक्के वाटा एकट्या हाडांवरच्या स्नायूंचा असतो. हे क्लॅम्प नावाच्या चाचणीतून कळलं. त्यात एका शिरेतून इन्सुलिन सोडत राहायचं, दुसरीतून ग्लुकोज द्यायचं आणि साखर एका पातळीवर टिकवायला किती ग्लुकोज लागतंय ते मोजायचं. जितकं जास्त लागेल तितके स्नायू तंदुरुस्त. म्हणून स्नायूंनी काम टाळायला सुरुवात केली की साखरेला जायला दुसरी मोठी जागाच उरत नाही. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन ओतून वेळ मारून नेतं. तुमच्या यजमानांचं १९ हे त्याचंच चिन्ह आहे.

आता निरोगी स्नायूत काय होतं ते बघा. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर बसतं. आत आयआरएस-१ नावाचं प्रथिन जागं होतं, त्याच्या टायरोसिन या जागांवर फॉस्फेट चिकटतं. तिथून निरोप पीआय-३ कायनेज आणि एकेटी यांच्याकडे जातो. शेवटी पेशीच्या पोटात साठवलेले ग्लुट-४ वाहक पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात.

पोटाच्या चरबीत वेगळं नाट्य चाललेलं असतं. मेदपेशी फुगत जातात, त्यांना रक्तपुरवठा आणि प्राणवायू पुरेनासा होतो, काही मरतात. मेलेल्या पेशींभोवती मॅक्रोफेज, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी, कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही कडी स्पष्ट दिसतात: मधे मेदाचा थेंब आणि सभोवती गर्द रंगलेल्या बारीक पेशींची माळ. २००३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की सडपातळ शरीराच्या चरबीत या पेशी दहा टक्क्यांच्या आत असतात आणि फार लठ्ठपणात त्या चाळीस टक्क्यांच्या घरात जातात. मेलेली पेशी साफ करणं हे त्यांचं कामच आहे. पण इथे काम कधी संपतच नाही आणि त्या सतत टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन असे निरोप्ये सोडत राहतात.

टीएनएफचा धागा त्याआधीच सापडला होता. १९९३ साली बोस्टनमध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ जास्त तयार होताना दिसलं. ते निष्प्रभ केल्यावर त्या उंदरांचं इन्सुलिन पुन्हा चालू लागलं. पुढे यंत्रणाही उलगडली. टीएनएफमुळे पेशीत जेएनके आणि आयकेके ही एन्झाइम्स पेटतात, ती आयआरएस-१ वर भलत्याच जागी, सेरिनवर, फॉस्फेट चिकटवतात, आणि मग टायरोसिनवरचा निरोप पुढे सरकत नाही. दारावरची बेल दाबली जातेय, बटण शाबूत आहे, पण भिंतीतली वायर कुरतडलेली आहे, असा प्रकार.

पोटातून मांडीपर्यंत हे पोचतं रक्तातूनच. निरोप्ये जातात ते आहेच, पण त्याहून जास्त नुकसान बहुधा दुसऱ्या वाटेने होतं. दाह झालेली मेदपेशी स्वतःही इन्सुलिनचं ऐकत नाही. "चरबी सोडू नकोस" हा हुकूम ती पाळत नाही आणि फॅटी आम्लं रक्तात सांडत राहतात. ती जाऊन यकृतात आणि स्नायूंच्या धाग्यांत मुरतात. शिवाय ॲडिपोनेक्टिन हे मेदपेशींकडूनच येणारं, स्नायूंना मदत करणारं हार्मोन लठ्ठपणात कमी होतं.

आता दुखत का नाही? न्यूमोनियात सीआरपी शंभराच्या वर जातं, इथे तीन ते दहाच्या दरम्यान रेंगाळतं. ताप नाही, लाली नाही, ठणका नाही. वर्षानुवर्षं मंद आचेवर चालतं, म्हणून रिपोर्ट काढल्याशिवाय कळत नाही.

मधुरा७

सर, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यासारखा आहे. आमच्या फ्रिजच्या आत जे आहे त्याला तो शोभणार नाही, एवढीच अडचण.

हर्णैकर

सरांबद्दल आदर ठेवून विचारतो. हल्ली केस गळले तरी इन्फ्लमेशन, झोप आली नाही तरी इन्फ्लमेशन. त्या नावाखाली पावडरी, ज्यूस, कॅप्सुला धडाधड विकल्या जातायत. माझ्या मेहुण्याने असल्या डब्यांवर पगार उडवला आणि गोळ्या मात्र बंद केल्या, साखर तीनशेवर गेली. म्हणून या शब्दाचा मला धसका आहे.

सरळ प्रश्न: दाहामुळेच हे होत असेल तर दाह कमी करणारी गोळी घेतली की साखर उतरायला हवी. उतरते का?

औषधवाली

हर्णैकर, अगदी मुद्द्याला हात घातलात. माझं शिक्षण औषधशास्त्रातलं आणि हा माझा आवडता विषय.

उतरते, पण थोडी. १८७६ साली जर्मनीत एब्स्टाइन यांनी मधुमेहींना सोडियम सॅलिसिलेट दिलं आणि लघवीतली साखर कमी झालेली पाहिली. १९०१ साली इंग्लंडमध्ये विल्यमसन यांनीही तेच नोंदवलं. तेव्हा इन्सुलिनचा शोधही लागला नव्हता, त्यामुळे का होतंय हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. पुढे ते मागे पडलं. मग २००१ साली बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रात स्टीव्हन शोएलसन यांच्या गटाने दाखवलं की सॅलिसिलेट त्याच आयकेकेला अडवतं ज्याचा उल्लेख सरांनी केलाय. सव्वाशे वर्षांनी कोडं सुटलं.

त्यावरून सॅल्सालेट या जुन्या सांधेदुखीच्या गोळीची माणसांवर रीतसर चाचणी झाली. २०१३ मध्ये ४८ आठवड्यांचे निष्कर्ष आले: एचबीए१सी साधारण ०.३७ ने उतरलं. फरक खरा आहे, पण लहान आहे. वर एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं वाढलं आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिनही. म्हणून ती मधुमेहाची गोळी होऊ शकली नाही.

टीएनएफ अडवणारी इंजेक्शनंही लठ्ठ मधुमेहींना देऊन पाहिली. उंदरात जे झालं ते माणसात झालं नाही, इन्सुलिनचं काम सुधारलं नाही. पण संधिवाताच्या रुग्णांना तीच औषधं दिली तर त्यांच्यात सुधारतं, कारण त्यांच्यात दाहाची पातळी कितीतरी जास्त असते. इंटरल्युकिन-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी झाले, सीआरपी उतरलं, पण नव्याने मधुमेह होणं काही थांबलं नाही.

कळकळीची विनंती, कुणी हे वाचून घरी ॲस्पिरिन किंवा कॉम्बिफ्लॅम सुरू करू नका. साखरेवर परिणाम दिसलेले डोस दिवसाला काही ग्रॅमचे होते. त्यात कानात आवाज येतात, पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

हर्णैकर

म्हणजे दाह दोषी आहे, पण एकटा नाही. हे पटलं. मनापासून धन्यवाद.

सुलभाकाकू

मला एक कोडं पडलंय गं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ह्यांना स्टिरॉइड दिलं होतं. स्टिरॉइडने दाह कमी होतो असं सगळे सांगत होते. पण ह्यांची साखर तर चारशेच्या वर गेली! आधी साधी बॉर्डरलाइनसुद्धा नव्हती. दाह कमी झाला तर साखर का वाढली?

शरीरक्रिया

काकू, शंका अगदी रास्त आहे. स्टिरॉइड दाह विझवतं, पण त्याचबरोबर यकृताला जास्त ग्लुकोज बनवायला लावतं आणि स्नायूंमध्ये इन्सुलिनच्या निरोपात थेट अडथळा आणतं. जास्त दिवस चाललं तर स्नायूंची झीजही होते. म्हणजे स्नायूंचं इन्सुलिनला दाद न देणं अनेक वाटांनी घडतं आणि दाह ही त्यातली एक वाट आहे. त्यात काकांना संसर्गाचा तीव्र दाह होताच, त्यानेही साखर चढते. आता काकांची साखर कशी आहे?

सुलभाकाकू

आता उपाशीपोटी १०५ च्या आसपास असते. दर तीन महिन्यांनी बघतो.

पेशीपाल

मी बासेलला चयापचयावर काम करतो. थोडा वेगळा सूर लावतो, सरांचा राग नसावा.

माझ्या मते या धाग्यात दाहाला जरा जास्तच मोठी भूमिका मिळतेय. निरोगी, सडपातळ माणसाच्या शिरेतून चरबीचं द्रावण सोडलं तर तीन-चार तासांत त्याचे स्नायू इन्सुलिनला कमी प्रतिसाद देऊ लागतात. तेवढ्या वेळात मॅक्रोफेज येऊन कडं करून बसलेले नसतात. उंदरांना चरबीयुक्त खाणं सुरू केलं की पहिल्या काही दिवसांतच इन्सुलिनचं अडायला लागतं, आणि त्या टप्प्यावर प्रतिकार पेशी बाद केल्या तरी फरक पडत नाही. दाहाचा वाटा दिसतो तो महिनोन्‌महिने लठ्ठ राहिल्यानंतर.

येलच्या जेराल्ड शुलमन यांचं म्हणणं असं की मूळ दोष स्नायूपेशीच्या आत साठणाऱ्या डायअसिलग्लिसरॉल या मेदाचा आहे. त्याने पीकेसी-थीटा हे एन्झाइम जागं होतं आणि तेही आयआरएस-१ चाच गळा धरतं. काही जण सेरामाइड या दुसऱ्या मेदाकडे बोट दाखवतात, ते एकेटीला अडवतं. म्हणजे आग लागण्याआधीच स्नायूत तेल मुरलेलं असतं.

शरीरक्रिया

राग कसला, चांगली भर घातलीत. पहिली ठिणगी दाहाची असते असं मीही शिकवत नाही. माझं म्हणणं इतकंच की एकदा तो सुरू झाला की चक्र बंद होतं. दाहाने मेदपेशी फॅटी आम्लं आवरू शकत नाहीत, ती स्नायूत मुरतात, आणि फॅटी आम्लांमुळे पुन्हा जेएनके पेटतं. दहा वर्षं पोट सुटलेल्या माणसात कोण आधी आलं हे सुटं करता येत नाही, आणि आपल्यासमोर बसलेला पेशंट तोच असतो.

तुमच्या सिद्धान्तालाही एक गाठ आहेच. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंत मधुमेहींइतकीच चरबी सापडते आणि तरीही त्यांचं इन्सुलिन उत्तम चालतं. त्यांच्यात ती रोज वापरली जाते, भरली जाते. तेव्हा किती चरबी साठली यापेक्षा ती हलते का, हे बघायला हवं.

पेशीपाल

मान्य. "हलते का" यावर आपलं शंभर टक्के एकमत.

अनघा_ठाणे

मग पोटाची चरबी सरळ काढूनच टाकली तर? ऑफिसातली एक जण लायपोसक्शन करून आली, म्हणाली आता डायबेटिसचं टेन्शन नाही.

औषधवाली

अनघा, तिला प्रेमाने सांग की टेन्शन ठेव. २००४ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल क्लाइन यांच्या गटाने पंधरा लठ्ठ स्त्रियांचं लायपोसक्शन करून अभ्यास केला. पोटावरून दहा किलोच्या आसपास चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं तर स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद होता तसाच, सीआरपी आणि टीएनएफही तसंच. वजन मात्र चांगलंच उतरलेलं.

कारण नळीने ओढली जाते ती त्वचेखालची चरबी. आतड्यांभोवतीची आत राहते, यकृतातली राहते, स्नायूतली राहते. शिवाय उरलेल्या मेदपेशी होत्या तितक्याच फुगलेल्या असतात. कमी खाऊन, हालचाल वाढवून वजन उतरतं तेव्हा सगळीकडच्या पेशी आक्रसतात, म्हणून पाच-सात टक्के वजन उतरलं तरी फरक दिसतो.

सदाशिवपेठी

रेवाताईंनी लिहिलेल्या "कुणी लठ्ठ म्हणणार नाही" या वाक्यावर कुणीच थांबलं नाही, म्हणून लिहितो. आपल्या लोकांच्या बाबतीत सगळी गोम तिथे आहे.

आमच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांनाही एकच आकडा सांगतो.

याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. वजनातली घट सगळ्यात जास्त स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, त्वचेखालची चरबी मात्र बरीच टिकून होती. म्हणजे आपण जन्मतःच स्नायूंनी कमी आणि मेदाने भरलेले. साखर उचलायची जागा मुळात लहान, आणि वर पोट सुटलं की त्या लहान जागेवरही दाहाची गदा.

म्हणून भारतीयांसाठी मापं खाली आणलीत. बीएमआय २३ च्या वर जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटर. तुमच्या यजमानांचा बीएमआय साडेपंचवीस भरतो आणि कंबर ९८. या मापाने ते लठ्ठ आहेत, ताई. वाईट वाटून घेऊ नका, पण हे वेळेवर कळलं ते फार चांगलं झालं.

रेवा नाशिककर

वाईट नाही वाटलं. उलट हे कुणीतरी इतकं स्पष्ट सांगायला हवंच होतं. नवरा शेजारी बसून वाचतोय. बाळांचं वजन वाचून म्हणाला, आई सांगते मी जन्मलो तेव्हा अडीच किलोचाही नव्हतो.

वैशाली_अमरावती

हळदीबद्दल कुणी बोलेल म्हणून वाट बघून राहिले होते. रोज रात्री हळदीचं दूध घेतलं तर दाह कमी नाही का होणार?

औषधवाली

वैशालीताई, हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत पेशींवर टाकलं तर दाहाचे निरोप दबतात, हे खरं. पण हळदीच्या पुडीत ते जेमतेम तीन टक्के असतं आणि आतड्यांतून फारच थोडं शोषलं जातं. मिरीबरोबर जरा बरं. ज्या अभ्यासांत फायदा दिसला त्यांत अर्काच्या कॅप्सुला होत्या, पुडी नव्हती. हळद फोडणीत जरूर घाला. दुधात घेतलीत तर साखर किंवा गूळ नको, आणि दुधाचा तो पेला दिवसाच्या खाण्यात धरा.

वसंतराव_सातारा

हे सगळं वाचण्यापेक्षा दिवसातून दोनदाच जेवा. माझं वजन नऊ किलो उतरलं.

अनघा_ठाणे

वसंतकाका, मी तेच करून बघितलं. संध्याकाळी डोकं इतकं दुखायचं की मुलीवर ओरडायचे. ज्याला जे झेपेल ते.

वसंतराव_सातारा

हेही खरं. ज्याने वजन उतरतं आणि उतरलेलं टिकतं ते करावं, माझा हट्ट नाही.

डॉ. दंतकथा

मी दातांची डॉक्टर. या विषयात आमचा कोपरा कायम अंधारात राहतो म्हणून लिहिते. हिरड्यांचा जुना दाह हाही शरीरभर पोचणारा दाहच आहे. ब्रश करताना रक्त येतं, हिरड्या दातांपासून सुटतात, तोंडाला वास येतो आणि लोक वर्षानुवर्षं लवंगेचं तेल लावून काढतात. मधुमेही रुग्णांच्या हिरड्या खोलवर साफ करून उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी साधारण ०.४ ने उतरतं, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. वर सॅल्सालेटचा आकडा आलाय, त्याच्या तोडीचं हे आहे, आणि दात वाचतात ते वेगळंच. रेवाताई, यजमानांना एकदा दाखवून घ्या.

तालीमवाला

राम राम मंडळी. कोल्हापुरातनं. शास्त्रातलं मला काही कळत नाही, पण माणसं बघितलेली आहेत.

आमच्या तालमीत पोरं पहाटे चारला जोर-बैठका मारतात. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, मटण, काय विचारू नका. तेवढं दुसऱ्या कुणी खाल्लं तर आजारी पडेल. पण यांच्या अंगाला लागतं, साखर-बिखर काही नसते. मग पस्तिशी येते, गुडघा जातो, कुस्ती सुटते. खुराक मात्र सुटत नाही. आमच्या गल्लीतले एक नामांकित मल्ल, मांडी दोन हातांत मावायची नाही. कुस्ती सोडल्यावर चार-पाच वर्षांत मांड्या उतरल्या, पोट पुढं आलं, आणि आता दोन वेळा इन्सुलिन टोचतात. खाणं तेच, माणूस तोच. हलणं तेवढं बंद झालं.

माझा प्रश्न, कुस्ती चालू असताना एवढं तूप जिरत होतं ते कुठे जात होतं?

शरीरक्रिया

वस्ताद, तुमच्या प्रश्नात या धाग्याचं अर्धं उत्तर आहे.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लुट-४ पृष्ठभागावर आणायला त्याला इन्सुलिन लागत नाही. एएमपीके आणि पेशीतलं कॅल्शियम अशा वेगळ्या यंत्रणा ते काम करतात. दाहाने आयआरएस-१ बिघडवलेलं असलं तरी ही वाट उघडी राहते. मधुमेही माणसाच्या स्नायूतसुद्धा ती चालते. आणि व्यायाम संपल्यावर पुढचे एक-दोन दिवस तोच स्नायू इन्सुलिनलाही जास्त दाद देतो. तुमचे मल्ल रोज ती वाट वापरत होते आणि वाढलेल्या स्नायूंत साठवायला जागाही भरपूर होती. उलट बाजूने, निरोगी माणसाला नुसतं पाच दिवस अंथरुणावर ठेवलं तरी त्याचं इन्सुलिन अडायला लागतं.

आणखी एक गंमत. आयएल-६, म्हणजे इंटरल्युकिन-६, हा दाहाचा निरोप्या म्हणून बदनाम, लठ्ठपणात तो रक्तात कायम थोडा चढलेला असतो. पण कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी दाखवलं की लांब पल्ल्याच्या व्यायामात खुद्द स्नायूच आयएल-६ सोडतो आणि तो शंभर पटीपर्यंत वाढू शकतो. तो थोड्या वेळात ओसरतो आणि त्याच्या मागोमाग दाह शमवणारे पदार्थ वाढतात, टीएनएफ दबतं. एकच रेणू चरबीतून दिवसरात्र झिरपला तर अपाय करतो आणि काम करणाऱ्या स्नायूतून तासभर आला तर उपकार.

फोंडेकर

म्हणजे जेवल्यावर शतपावली घालायला सांगणारी आजी बरोबर होती. पण गोव्यात दुपारी शीत-कडी जेवून माणसाला चालायला लावणार कोण? दुकानंसुद्धा झोपतात.

शरीरक्रिया

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात की मग खुशाल झोपा, फोंडेकर. जेवल्यानंतरची साखर चढते त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू कामाला लागले तर तिचा चढ कमी राहतो. मासे आहेतच, फक्त ताटातलं शीत जरा कमी करा.

रेवा नाशिककर

सगळ्यांचे किती आभार मानू! तीन गोष्टी विचारायच्या राहिल्यात. दाह उतरला हे बघायला सीआरपी परत कधी करायचं? तपासणीच्या आठवड्यात त्याला सर्दी-खोकला होता, त्याने फरक पडला असेल का? आणि नुसतं चालणं पुरेल का?

औषधवाली

सर्दीने नक्कीच फरक पडतो. सर्दी, ताप, दातदुखी, लस, मार लागणं, कशानेही सीआरपी चढतं. म्हणून तो पूर्ण बरा झाल्यावर दोनेक आठवडे जाऊ द्या, मग परत करा. दहाच्या वर आलं तर तो आकडा या कामाचा नाही, आधी संसर्ग शोधायचा. एकच्या खाली उत्तम, तीनच्या वर जास्त. पण दर महिन्याला सीआरपी काढत बसू नका. कंबर, ट्रायग्लिसराइड्स आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी एवढ्यावर बरंच कळतं.

इन्सुलिन परत कराल तर त्याच लॅबमध्ये करा, दोन लॅबच्या आकड्यांची तुलना होत नाही. उपाशीपोटी साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५, हा होमा-आयआर. तुमच्या आकड्यांवरून सव्वापाच येतो. अडीचच्या वर गेला की साधारण रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, असं धरतात.

शरीरक्रिया

चालणं हवंच, पण आपल्या लोकांत स्नायूच कमी असल्यामुळे ते वाढवणारा व्यायामही लागतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, रबरी पट्टे, पाण्याच्या बाटल्या, काहीही चालेल. मांड्या आणि नितंब हे सगळ्यात मोठे स्नायू, तिथून सुरुवात करा. मधे दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, कारण व्यायामाचा परिणाम तेवढाच टिकतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीय लोकांवर तीन वर्षं केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहार आणि हालचाल बदलल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यातल्या लोकांचं वजन फारसं उतरलेलंही नव्हतं! वजनकाटा हलला नाही म्हणून तुमच्या यजमानांनी मधेच सोडू नये.

तालीमवाला

दाजींना नाशकात एखादी तालीम बघून द्या ताई. पहिले आठ दिवस जिना उतरताना आठवण येईल आमची.

मधुरा७

माझं राहिलंच. आई ६८ वर्षांची, साखरेच्या गोळ्या चालू, दोन्ही गुडघे दुखतात. बैठका तर सोडाच, खाली बसताही येत नाही. तिने काय करायचं?

फिजिओ_रत्ना

मधुरा, आईला भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसव. हातांचा आधार न घेता उभं राहायचं आणि सावकाश परत बसायचं. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढव. मग बसल्या बसल्या एकेक पाय गुडघ्यातून सरळ करून थोडा वेळ धरायचा. आठ-पंधरा दिवसांनी घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांध. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, त्याने पोटऱ्या काम करतात. दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलं राहिलं तर संख्या कमी कर, बंद करू नको.

आणि गोळ्यांची नावं बघ. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांग, उपाशीपोटी करू देऊ नको आणि पहिले काही दिवस व्यायामाआधी आणि नंतर ग्लुकोमीटरवर बघत जा. घाम सुटला, हात थरथरले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची.

मधुरा७

ग्लिमेपिराइडच आहे, सकाळी नाश्त्याआधी. उद्या डॉक्टरांना फोन करते आणि मगच सुरू करते.